शेंडी

मनमाडच्या वर्कशॉपात सत्तावीस वर्षं
मी पुलांचे गर्डर ठोकून ऐकलेत.
रिवेट घट्ट असेल तर आवाज स्वच्छ येतो,
सैल असेल तर खोकल्यासारखा.
हे एवढं भांडवल. आणि चार गाठी,
फरझानानं दोन रविवार अंकाईच्या पायथ्याला
एका बाभळीभोवती शिकवलेल्या.
आठाची गाठ. परत घाला. परत.
आता डोळे मिटून घाला, काका.

कातरवाडीतून निघालो तेव्हा अंधार होता.
शेळ्या सोडता सोडता केदू म्हणाला,
ह्या वयात?
त्याची शेळीसुद्धा खिंडीपर्यंतच जाते म्हणे,
पुढचं तिला कळतं.

घसाऱ्यावर पाऊलभर वर, अर्धं पाऊल खाली.
गवत धरलं की मुळासकट हातात,
जणू आपणच त्याला आधार द्यावा म्हणून आलेलं.
खिंडीत पोचलो आणि समोर ती, हडबीची शेंडी,
उजाडायच्या आधीच्या उजेडात, अंगठ्यासारखी.
सही न येणारा माझा बाप
सोसायटीच्या कागदावर उमटवायचा, तसा अंगठा.
काळा, आणि किंचित वाकडा.

फरझाना आधी चढली.
मी खाली, खडकाला बांधलेला, हातात दोर.
बिले देणं म्हणजे दोर सोडत राहायचं
पण सुटू द्यायचा नाही.
वीत वीत गेला.
मग थांबला.
बराच वेळ थांबला.
चार खडे आले वरून, मग आवाज, "टाइट!"
आणि तो शब्द पुरता ऐकायच्या आत
माझे बूट जमिनीवरून उचलले गेले.

ती दीड पुरुष खाली लोंबत होती आणि हसत होती.
मला हसू आलं नाही.
माझ्या मुठीत युसुफ फिटरची मुलगी होती,
चोपन्न किलो. (आकडा नंतर विचारला.)

मग माझी पाळी.
दोन हात, दोन पाय, एका वेळी एकच मोकळा,
बाकी तिघांनी जागा सोडायची नाही.
मी खाली बघितलं. बघायचं नसतं.
उजवी मांडी रिवेट-गनसारखी थडथडायला लागली.
"टाच खाली!" वरून ओरडली.
टाच खाली केली.
गन बंद.

अर्ध्या वाटेवर एक बोल्ट भेटला. जुना,
गंजाचा लाल ओघळ कातळावर वाळलेला.
कॅराबिनरनं टिचकी मारली, कान लावला.
वाऱ्यातसुद्धा कळलं: स्वच्छ.
कुणी ठोकला, कधी, कुठून आणला,
काही लिहिलेलं नाही.
गर्डरवर आम्हीही नावं लिहीत नाही.
त्याला अडकलो आणि दोन मिनिटं
एका अनोळखी माणसाच्या कामावर टेकून
पाणी प्यालो.

माथा चार माणसं चिकटून बसतील एवढा.
खाली मालगाडी, मुंगीनं ओढलेल्या दोऱ्यासारखी.
मी वर्कशॉपचं छप्पर शोधत होतो,
पाण्याची टाकी सापडली, छप्पर नाही.
फरझानानं चिक्की मोडली, मोठा तुकडा मला दिला.
थोर काही बोललं नाही कुणी.
"उतरताना लोक चुकतात," एवढं म्हणाली,
"गाठ दाखवा."
तिनं माझी बघितली. मी तिची.

संध्याकाळी केदूनं विचारलं, काय आहे वर?
मी म्हणालो, जागा नाही.

सोमवारी गेटवर हजेरीच्या यंत्रानं
माझा अंगठा ओळखला नाही.
पुसून लावला, फुंकर मारून लावला,
मागे रांग वाढत गेली.
कातळानं रेघा घासून नेल्या होत्या.
टाइमकीपर वैतागून म्हणाला,
रजिस्टर आहे ना, सही करा.

केली.
पेन बोटांत ठरत नव्हतं,
आडनाव जरा वाकडं आलं.